गर्भपात कायदेशीर होऊन अर्धशतक उलटले, तरी तो गुन्हा आहे असे आपल्याला का वाटते?

अबोली (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई एका सकाळी ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि दिवस राहिल्याचे सांगून रडू लागल्या. त्यांना दोन मुले आहेत. धाकटा अकरा महिन्यांचा असून अजून अंगावर पितो, आणि पाळी पुन्हा सुरू होण्याच्या आधीच हा गर्भ राहिला होता. नवरा मालवाहू ट्रकवर असतो आणि महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी घरी येतो. हे मूल नको आहे, हे त्यांनी मला पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगितले. दुसरे वाक्य मात्र प्रश्न होता: "पण पोट पाडायला आता बंदी आहे ना? पोलीस धरतात ना?"

बंदी नाही, हे मला ठाऊक होते. पुढच्या चार दिवसांत जे पाहिले, ते मात्र ठाऊक नव्हते. कोथरूडमधल्या ज्या खाजगी रुग्णालयात आम्ही प्रथम गेलो, तिथे खिडकीवरच सांगण्यात आले की नवऱ्याची सही आणि त्याचे आधार कार्ड असल्याशिवाय नाव नोंदवता येणार नाही. ताई तिथून लगेच बाहेर पडल्या, कारण आपल्या हातून काही बेकायदा घडते आहे या शंकेवर त्या वाक्याने शिक्कामोर्तब केले होते. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरबाईंनी त्यांना शांतपणे तपासले, गर्भ सात आठवड्यांचा असल्याचे सांगितले, ताईंची एकटीची सही घेतली आणि गोळ्या दिल्या. आठवड्याने त्या कामावर परत आल्या.

नंतर आमच्या सोसायटीतल्या मैत्रिणींपुढे मी कोणाचेही नाव न घेता हा विषय काढला. सगळ्या पदवीधर आहेत आणि काही जणी नोकरीतून निवृत्त झालेल्या आहेत. एकीच्या मते गर्भपाताला पूर्ण बंदी होती, दुसरीच्या मते नवऱ्याची संमती आवश्यक होती, तिसरीच्या मते बलात्कार झाला असेल तरच परवानगी मिळत होती. "परवानगी असली म्हणून काय झाले, चांगल्या घरातल्या बायका असे करत नाहीत," असे एकीने म्हटले आणि कोणी काहीच बोलले नाही. त्याच रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून दोघींचे मला वेगवेगळे फोन आले. दोघींनीही तरुणपणी, लग्नानंतर, गर्भपात करून घेतलेला होता. दोघींनी त्याला "सफाई" हा शब्द वापरला आणि दोघींनी हे कोणाला सांगू नये अशी विनंती केली. मी सांगत आहे ते कोणाची ओळख पटणार नाही अशा रीतीने, आणि दोघींना विचारून.

माझा प्रश्न असा आहे. जी गोष्ट १ एप्रिल १९७२ पासून या देशात कायद्याच्या चौकटीत होते आहे, तिच्याविषयी आपले सामाजिक मत नेमके काय आहे? विरोध आहे, अज्ञान आहे, की मत बनवायची वेळच आपल्यावर कधी आली नाही?

न्यायासन

अबोलीताई, मी पुण्यात वकिली करतो. आधी कायद्याची स्थिती नीट मांडतो, कारण तुमच्या मैत्रिणींचा गोंधळ अगदीच निराधार नाही.

आपल्याकडे गर्भपात हा मुळात फौजदारी गुन्हाच आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ३१२ त्यासाठी होते आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेचे कलम ८८ तेच सांगते. स्त्रीचा जीव वाचवण्याच्या सद्हेतूखेरीज गर्भपात घडवून आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही त्या कलमाच्या कक्षेत येते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने हा गुन्हा रद्द केला नाही. नोंदणीकृत डॉक्टरने, मान्यताप्राप्त जागी, ठरावीक कारणांसाठी गर्भपात केल्यास तो गुन्हा ठरणार नाही, एवढेच त्याने सांगितले. म्हणून आपल्या कायद्यात गर्भपात हा स्त्रीचा हक्क म्हणून लिहिलेला नाही. डॉक्टरला मिळालेले संरक्षण असे त्याचे स्वरूप आहे.

आता तपशील. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ती सवलत नियमांत नमूद केलेल्या स्त्रियांनाच आहे: अत्याचारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणातच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग आणि आणखी काही. चोवीस आठवड्यांपुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय घेते. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिची एकटीची संमती पुरेशी असते. नवऱ्याची, सासूची किंवा आईवडिलांची सही कायदा कुठेही मागत नाही. ती मागणारे रुग्णालय आपल्या भीतीपोटी किंवा सवयीपोटी मागत असते.

मुळाकाठ

न्यायासन, एक शंका. सात आठवडे आणि दोन मुले असलेली विवाहित स्त्री, हे कोणत्या "ठरावीक कारणात" बसते? तिचा जीव तर धोक्यात नव्हता.

न्यायासन

गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्यामुळे राहिलेल्या गर्भाचा मनस्ताप हा स्त्रीच्या मानसिक स्वास्थ्याला गंभीर इजा मानला जाईल, असे स्पष्टीकरण मूळ कायद्यातच आहे. १९७१ मध्ये ते "विवाहित स्त्री अथवा तिचा पती" यांच्यापुरते होते. २०२१ मध्ये शब्द बदलून "कोणतीही स्त्री अथवा तिचा जोडीदार" असे झाले. व्यवहारात बहुसंख्य गर्भपात याच स्पष्टीकरणाखाली होतात.

समाजाच्या मताबद्दल विचारत असाल, तर १९७१ च्या विधेयकासोबतचे उद्देशपत्र वाचण्यासारखे आहे. त्यात असा युक्तिवाद आहे की जुना कडक कायदा देशभर सर्रास मोडला जातो आणि या मातांपैकी बहुतेक विवाहित आहेत, ज्यांना आपले गरोदरपण लपवण्याचे काही कारण नाही. या विवाहित असण्यावर दिलेला भर मला फार बोलका वाटतो. संसदेला पटवायचे होते ते हे, की आम्ही कुमारिकांना मोकळीक देत नाही, लेकुरवाळ्या बायकांचे प्राण वाचवत आहोत.

सुईणीची लेक

मी परिचारिका होते. १९७६ साली नोकरीला लागले आणि पहिली अनेक वर्षे पुरंदर तालुक्यात काढली. आता धनकवडीत राहते. माझी आई गावची सुईण होती, म्हणून हे नाव घेतले आहे.

कायदा येऊन चार वर्षे झाली होती, तरी आमच्याकडे बाया यायच्या त्या काडी घालून झाल्यावर. चित्रकाची मुळी किंवा एरंडाची काडी गर्भाशयाच्या तोंडात सरकवायची आणि रक्त सुरू होण्याची वाट पाहायची, ही रीत गावोगाव माहीत होती. मुळीने आतून भाजायचे, पू व्हायचा, ताप चढायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचे बैलगाडीत घालून आणत. वासावरून दारातच कळायचे. बाईला विचारले तर ती म्हणायची "पाय घसरला". सासूला विचारले तरी तेच उत्तर. त्यांतल्या काही वाचल्या, काही वाचल्या नाहीत. त्या बहुतेक चार-पाच लेकरांच्या आया होत्या. विधवाही होत्या, त्यांना मात्र कोणी आणत नसे, त्यांची बातमीच यायची.

अबोलीताईंनी विरोध की अज्ञान असे विचारले. मला त्या गावांत गर्भपाताला विरोध असा दिसला नाही. आईकडे बाया रात्री येत, "मोकळी कर" म्हणत आणि आई नाही म्हणे, कारण तिच्या हातून एक बाई दगावली होती. पाप आहे असे सगळेच म्हणत, पण ते बाईला अडवण्यासाठी नव्हते. पाप म्हणायचे, करायचे आणि झाल्यावर कधीही उच्चार करायचा नाही, अशी रीत होती. कायद्याने वरून परवानगी दिल्यावर या रीतीला कोणी हात लावला नाही. आम्ही भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला, तांबी बसवली, शस्त्रक्रियेची शिबिरे घेतली. पण "तुला नको असेल तर हे आता सरकारी दवाखान्यात सुरक्षित होते", हे वाक्य मोठ्याने बोलायला आम्हाला कोणी शिकवले नाही आणि आम्हीही बोललो नाही. त्याची बोच मला आजही आहे.

दक्षिणायन

सिस्टर, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ लिहिताच आले नाही.

इतिहासाच्या बाजूने एक भर घालतो. कायदा करण्यासाठी केंद्र सरकारने १९६४ मध्ये जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री होते. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात घडवून आणले जातात असा अंदाज वर्तवला. सिस्टरांच्या रुग्णशय्येवरच्या त्या बायका या आकड्यात होत्या. मात्र हा कायदा एखाद्या चळवळीच्या मागणीतून आला नाही. तो डॉक्टरांच्या आणि लोकसंख्येच्या चिंतेतून आला. युरोप-अमेरिकेत ज्या प्रश्नावर स्त्रियांनी रस्त्यावर उतरून वर्षानुवर्षे झगडा केला, तो आपल्याकडे १९७१ च्या ऑगस्टमध्ये फारसा गाजावाजा न होता निकाली निघाला. त्यामुळे आपल्याकडे मोठा विरोधही संघटित झाला नाही आणि पाठिंबाही तयार झाला नाही.

याउलट पुण्याने या विषयावर एकोणिसाव्या शतकात अधिक उघडपणे बोलण्याचे धाडस दाखवले होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, जेणेकरून फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे गुप्तपणे बाळंत व्हावे आणि मूल जगावे. पुढे त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, नंतर ती कमी करून काळ्या पाण्याची करण्यात आली, आणि वर्तमानपत्रांतून विधवांच्या चारित्र्यावर जे लिहून आले, त्याला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. ती १८८२ मध्ये पुण्यातच छापली गेली. त्यातला रोख साधा होता: पाप दोघांचे आणि शिक्षा एकटीला, हे कोणत्या न्यायात बसते? नवऱ्याची सही मागणारी खिडकी पाहिली की तो प्रश्न अजून जुना झाला नाही असे वाटते.

मध्यरेषा

मी या धाग्यावरच्या बहुतेकांशी सहमत नाही, आणि कोणाला दुखावण्याच्या हेतूने लिहीत नाही.

आमची मुलगी सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मली. वजन किलोलाही पोचले नव्हते. अडीच महिने आम्ही दोघे काचेच्या पेटीबाहेर बसून होतो. माझ्या करंगळीच्या टोकाला तिची मूठ पुरत नव्हती, पण ती धरत होती. आज ती आठवीत आहे. अशा माणसाला कोणी सांगितले की पंचवीस आठवड्यांच्या गर्भाविषयीचा निर्णय हा केवळ स्त्रीच्या शरीराचा प्रश्न आहे, तर ते त्याच्या गळी उतरत नाही. ताईंच्या सात आठवड्यांविषयी माझे काहीच म्हणणे नाही. त्यांना जो त्रास झाला तो चूक होता.

माझा आक्षेप वेगळा आहे. समाज गप्प बसतो याचा अर्थ तो अडाणी आहे, असे इथे गृहीत धरले जाते आहे. कदाचित समाजाला आतून काहीतरी टोचते आणि त्याच्याकडे त्यासाठी शब्द नाहीत. सिस्टर म्हणाल्या की सगळे पाप म्हणत आणि तरी करत. मला त्यात निव्वळ दांभिकपणा दिसत नाही. एका बाजूला जिवंत बाई आणि दुसऱ्या बाजूला होऊ घातलेला जीव, या दोघांचेही ओझे ओळखणारी माणसे अशीच वागतील. गर्भपात म्हणजे दाढ काढण्यासारखी किरकोळ गोष्ट आहे असे मत लोकांनी बनवावे अशी अपेक्षा असेल, तर मी त्याला विरोध करीन.

सुईणीची लेक

मध्यरेषा, तुमच्या लेकीला आशीर्वाद. मी किरकोळ म्हणणार नाही. माझ्या समोर आलेल्या एकाही बाईला ते किरकोळ वाटत नव्हते.

टाकेवाली

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शहराच्या पूर्वेकडे माझे छोटे रुग्णालय आहे. डॉक्टर सह्या का मागतात, टाळाटाळ का करतात, हे आतून सांगण्याचा प्रयत्न करते, समर्थन म्हणून नव्हे.

१९९० च्या दशकात मुलींची संख्या आणखी वेगाने घटू लागली आणि ती चिंता पूर्णपणे खरी होती. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीडमध्ये २०११ चा आकडा ८०७ होता. गर्भाचे लिंग तपासून मुली पाडण्यासाठी सोनोग्राफी यंत्रांचा वापर माझ्याच व्यवसायातल्या लोकांनी केला, याची मला लाज वाटते. गर्भलिंगनिदानावर कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मध्ये पहिले राज्य होते, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला, आणि तो पाळला जावा म्हणून २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत पुण्याची 'मासूम' ही संस्था होती. ते काम अत्यंत गरजेचे होते.

मात्र त्या मोहिमेच्या भित्तिपत्रकांवर, पथनाट्यांत आणि शाळांच्या निबंध स्पर्धांत शब्द आला तो "स्त्रीभ्रूणहत्या". कायद्याने बंदी घातली होती ती लिंग तपासण्यावर. लोकांच्या मनात ठसला तो "हत्या" हा शब्द. खटाटोप मुलगी वाचवण्याचा होता, पण एका पूर्ण पिढीने असे ऐकत वयात प्रवेश केला की गर्भ काढणे म्हणजे खून, आणि तो करणारा डॉक्टर तुरुंगात जातो. दोन वेगळे कायदे लोकांच्या डोक्यात एक झाले. पुष्कळदा तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या डोक्यातही ते एकच असतात. चौथ्या महिन्यातल्या गर्भपाताची नोंद माझ्या वहीत दिसली आणि त्या बाईला आधीची मुलगी असली, की माझ्याकडे संशयाने पाहिले जाते, मग कारण कितीही खरे असो. म्हणून माझे अनेक सहकारी बारा आठवड्यांनंतरची केस घेतच नाहीत. काही औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवत नाहीत, कारण प्रत्येक गोळीचा हिशेब देण्याचा ताप त्यांना नको असतो. वास्तविक गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत चालतात आणि लिंग तर त्यानंतर बऱ्याच काळाने सोनोग्राफीत दिसते, म्हणजे या गोळ्यांचा मुलगी पाडण्याशी संबंध जोडणेच चुकीचे आहे.

मी आता रुग्णाशी बोलताना आणि व्याख्यानांतही "गर्भलिंगनिवड" हाच शब्द वापरते. तो जड आहे, घोषणेत बसत नाही, पण खरा आहे.

दवबिंदू

मी सव्वीस वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरी करते, अविवाहित आहे. टाकेवाली डॉक्टर, तुमच्यासारख्या डॉक्टरकडे मी गेले असते तर बरे झाले असते.

मी गेले तिथे भरलेल्या प्रतीक्षागृहात मला मोठ्याने विचारले गेले, "मिस्टर नाही आले?" अर्जावर मी "अविवाहित" लिहिले होते, ते खोडून "सौ." करायला सांगितले, "तुमच्याच भल्यासाठी" असे म्हणत. डॉक्टरांनी तपासताना माझ्या आईवडिलांचे संस्कार काढले. काम कायदेशीर झाले, सुरक्षित झाले, पैसेही वाजवी घेतले. माझी तक्रार औषधोपचाराबद्दल नाही. तिथून बाहेर पडताना मला गुन्हेगार असल्यासारखे वाटले, आणि मी एकही कायदा मोडलेला नव्हता.

न्यायासन

दवबिंदू, तुम्ही लिहिलेत त्याबद्दल आभार. "सौ." करण्याची काहीही गरज नव्हती. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहित स्त्रियांना वगळणे घटनाबाह्य ठरेल असे सांगितले, आणि वीस आठवड्यांच्या आत तर २०२१ च्या दुरुस्तीपासून असा भेद उरलेलाच नव्हता. त्याच निकालात, गर्भपाताच्या कायद्यापुरती, वैवाहिक बलात्काराची दखलही न्यायालयाने घेतली. रुग्णाची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला आता एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. भरल्या खोलीत मोठ्याने विचारणारा कर्मचारी या तरतुदीची जाणीव नसलेला असावा.

मध्यरेषा यांच्या मुद्द्याचे भान न्यायालयांनाही आहे, हे नोंदवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सव्वीस आठवड्यांच्या गर्भारपणात, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराने त्रस्त अशा दोन मुलांच्या आईने परवानगी मागितली. ती आधी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि अखेर तीन न्यायमूर्तींनी ती नाकारली. त्या बाईंची धाकट्या मुलाच्या स्तनपानामुळे पाळी सुरू झालेली नव्हती आणि दिवस राहिल्याचे उशिरा कळले. अबोलीताईंच्या स्वयंपाकाच्या ताईंची हीच स्थिती होती. फरक एवढाच की त्यांना सातव्या आठवड्यात कळले आणि सोबत येणारे कोणी होते.

बाणेरचा पाहुणा

मी २०१० ते २०१९ डब्लिनमध्ये नोकरीनिमित्त होतो. २८ ऑक्टोबर २०१२ ला गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार दगावली. बेळगावची, ३१ वर्षांची, दंतवैद्य. सतराव्या आठवड्यात गर्भपात होऊ लागला होता, मूल वाचणार नाही हे स्पष्ट होते, तिने गर्भ काढण्याची विनंती केली आणि गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून ती नाकारली गेली. जंतुसंसर्ग रक्तात पसरून ती मरण पावली. माझी पत्नी तेव्हा गरोदर होती. ती बातमी बाहेर आली तेव्हा आम्ही मेणबत्त्या घेऊन चालणाऱ्या गर्दीत होतो आणि आमच्या बाजूने चालणाऱ्या आयरिश म्हाताऱ्या बायका रडत होत्या.

त्यानंतर जे घडले ते इथे सांगावेसे वाटते. आयर्लंडने १९८३ च्या घटनादुरुस्तीने गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क दिला होता. तो बदलायचा की नाही हे ठरवण्यासाठी आधी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ९९ सामान्य नागरिकांची निवड केली गेली. ते महिनोन् महिने शनिवार-रविवारी बसले, डॉक्टरांचे, वकिलांचे, दोन्ही बाजूंच्या बायकांचे ऐकले. मग सार्वमत झाले. २५ मे २०१८ ला ६६.४ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिले. मला नागरिकत्व नसल्याने मत नव्हते, पण आमच्या कार्यालयातली माणसे जेवणाच्या सुट्टीत आपापल्या आईचे, बहिणीचे अनुभव सांगू लागली होती, आणि मध्यरेषा यांच्यासारखा विचार करणारेही तिथे होते, त्यांचेही ऐकले जात होते.

परत आल्यावर माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बरे झाले, आपल्याकडे अशी भांडणे नाहीत." आपल्याकडचा कायदा १९७२ पासून आहे, सविता पुण्यात असती तर कदाचित वाचली असती, हे अगदी खरे आहे. तरीही त्या कार्यालयातल्यासारखे बोलणे मी पुण्यात पहिल्यांदा वाचतो आहे ते या धाग्यावर.

इंद्रायणी

मला एका बाजूकडे लक्ष वेधायचे आहे, जी अजून आलेली नाही. माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. तो एकोणीस वर्षांचा आहे, बेकरीत काम शिकतो. नातेवाइकांत, अगदी जवळच्या मैत्रिणींतही, गर्भपाताला नाक मुरडणारी माणसे मला विचारतात, "तेव्हा तपासणी केली नव्हतीस का?" म्हणजे निरोगी गर्भ पाडणे पाप आणि माझ्या मुलासारखा पाडला असता तर शहाणपण. आपले सार्वजनिक मत तपासायचे असेल तर हे दुटप्पीपण आधी तपासा.

मी स्त्रीच्या निर्णयाच्या बाजूने आहे. चोवीस आठवड्यांनंतर व्यंग दिसले आणि एखादीने थांबायचे ठरवले, तर तिच्या घरची परिस्थिती मला माहीत नाही, मी तिला बोल लावणार नाही. पण तिच्यापुढे दुसरी वाटही खरी असायला हवी: शाळा, उपचार, आईबाप गेल्यावर सांभाळणारे कोणीतरी. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात काढण्यात आली, तेव्हा त्या मुलींना काय हवे आहे हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. त्यावरून वाद झाला म्हणून तो प्रकार लोकांना कळला. २००९ मध्ये चंदीगडच्या एका मतिमंद तरुणीला तिचे मूल हवे होते आणि प्रशासन गर्भपातासाठी न्यायालयात गेले होते; सर्वोच्च न्यायालयाने तिचे ऐकले आणि मूल जन्माला घालायचे की नाही हे ठरवणे व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे सांगितले. तिला सक्तीने मोकळे करणे आणि ताईंना सक्तीने आई करणे, यांत मला एकच चूक दिसते.

मध्यरेषा

इंद्रायणीताई, हे मी कधी अशा बाजूने पाहिले नव्हते. आमच्या लेकीच्या वेळी डॉक्टरांनी मेंदूला इजा असू शकते असे सांगितले होते आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी "कशाला एवढा आटापिटा" असे म्हटले होते. ती माणसे गर्भपाताच्या विरोधात आहेत.

मुळाकाठ

मी प्रश्न विचारून गप्प बसलो होतो, कारण लिहायला कचरत होतो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचा गर्भपात झाला, म्हणजे आम्ही करून घेतला. पहिली मुलगी सात महिन्यांची होती. आम्ही दोघांनी ठरवले असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. सिस्टरांचा प्रतिसाद मी काल रात्री पत्नीला वाचून दाखवला आणि ती म्हणाली की तिला कोणी विचारलेच नव्हते, मी आणि आईने ठरवले होते. रुग्णालयाने तेव्हा माझी सही मागितली होती आणि मी ती अभिमानाने केली होती, जबाबदार नवरा म्हणून. आम्ही दोघे आज पहाटेपर्यंत बोलत होतो.

अबोली (धागाकर्ती)

मुळाकाठ, तुम्ही दोघे बोललात हे वाचून फार बरे वाटले.

ताईंना मी हा धागा वाचून दाखवत होते. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. पहिली: आपल्या कार्डावर हे लिहिले जाते का, आणि सासूने पुढे दवाखान्यात विचारले तर सांगतात का? न्यायासन, याचे उत्तर हवे आहे. दुसरी: त्यांच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीत हे कोणी समजावून सांगेल का? "तिथे चार-पाच जणी अशाच अडकलेल्या असतील, पण तुमच्यासारखे घर सगळ्यांना नसते," असे त्या म्हणाल्या.

न्यायासन

सांगत नाहीत आणि सांगता येत नाही. गर्भपाताची नोंदवही गोपनीय असते आणि कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज ती कोणालाही दाखवता येत नाही, त्यात सासू आणि नवरा दोघेही आले. ताईंना हे माझ्या नावाने निःशंक सांगा.

सुईणीची लेक

बैठक कोणत्या वारी असते ते कळवा. शनिवार सोडून कधीही येईन. टाकेवाली डॉक्टर, तुम्हाला जमले तर सोबत या. गोळ्यांचे तुम्ही सांगा, चित्रकाच्या मुळीचे मी सांगते.

टाकेवाली

सिस्टर, गुरुवारी दुपारी दोननंतर माझी बाह्यरुग्ण तपासणी नसते. मी तुम्हाला धनकवडीहून घेऊन जाईन. एक विनंती, फलकावर विषय लिहिणार असाल तर "गर्भपात" असाच लिहा, "महिला आरोग्य मार्गदर्शन" नको.